चार नंबरच्या खोलीतली रेघ

ज्याचं नाव घेऊन मी रोज उठतो, त्याला साक्षी ठेवून हे लिहितोय. यातलं एक अक्षरही पदरचं नाही. कोणाला पटो, न पटो.

भुताखेतांच्या गोष्टी अमावस्येला सुरू होतात, बाराच्या ठोक्याला. ही तशी नाही. ही एका मंगळवारी, दुपारी तीन वाजता सुरू झाली. बाहेर लख्ख ऊन होतं. रस्त्यावर शाळा सुटलेल्या पोरांचा कालवा होता.

पण जिथे ती सुरू झाली, तिथे खिडकीच नव्हती.

मी जुने कागद जपणाऱ्या एका संस्थेत कामाला आहे. कागद जपणारे वेगळे, ते शिकलेले. मी हवा जपतो.

"हवा?" लोक विचारतात. "म्हणजे पंखे दुरुस्त करतोस?"

तेही करतो. पण खरं काम निराळं. कागदाचं माणसासारखंच आहे. फार दमट झालं की त्याला बुरशी धरते, फार कोरडं झालं की त्याच्या कडा तडकतात. त्याला बाराही महिने एकच हवा लागते. अठरा अंश गारवा आणि अठ्ठेचाळीस टक्के ओल. अठरा वर्षं मी तेच करत आलोय. हे दोन आकडे हलू द्यायचे नाहीत.

चार नंबरची खोली तळमजल्याच्या टोकाला आहे. लहानशी. तिला दोन दारं, एकामागे एक, मधे एक माणूस उभा राहील एवढीच जागा. बाहेरचं दार लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. दोन्ही एकदम उघडली की बाहेरची हवा घुसते आणि खोली पुन्हा ताळ्यावर यायला दीड दिवस लागतो. हा नियम मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी परत सांगतो.

खोलीच्या कोपऱ्यात एक पेटी आहे. ओल मोजणारी. तिच्यात माणसाच्या केसांची एक बारीक जुडी ताणून बसवलेली असते. खरेखुरे केस. ओल वाढली की केस लांबतात, कमी झाली की आखडतात. केसांना दांडी, दांडीला शाईचं पेन, पेनाखाली गोल फिरणारा चौकटींचा कागद. चोवीस तासांत एक फेरा. रोज सकाळी नऊला मी तो कागद बदलतो. काल दिवसभर त्या खोलीत काय घडलं, ते त्या एका रेघेवर वाचता येतं.

कारण माणूस आत गेला की श्वास घेतो. आणि सोडतो.

सोडलेल्या श्वासात ओल असते. एक माणूस आत बसला की रेघ दोन चौकोन वर चढते. दोन माणसं असली की चार. माणूस बाहेर आला की तासाभरात रेघ परत खाली.

इतक्या वर्षांत मला नुसती रेघ बघून सांगता यायचं, की आत कोण गेलं होतं. हिशेबनीस गेले तर तीन चौकोन, कारण ते जिन्यावरूनच धापा टाकत यायचे. आमच्या मुख्य अधिकारी मॅडम गेल्या तर जेमतेम दीड.

"बाईंचा श्वाससुद्धा काटकसरीचा," दारावरचे मिशीकाका म्हणायचे. कोण कधी आत गेलं, कधी बाहेर आलं, ही नोंद त्यांच्याकडे. "मी एकदा आत शिंकलो होतो, तर तू दोन तास माझ्याकडे असा बघत होतास जणू मी खून केलाय."

"खूनच होता तो, काका. शंभर वर्षांच्या कागदांचा."

असं हसतखेळत चाललं होतं.

आता ताईबद्दल सांगतो. कारण गोष्ट तिची आहे.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. भाऊजी गेले आणि ती माहेरी आली. आई, ताई आणि मी, एवढंच आमचं घर. पहिलं वर्षभर ती बोललीच नाही. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की पडून राहायची. आईची नजर अधू झालेली. ती रात्री ताईच्या खोलीतच झोपायची, तिचा श्वास ऐकत. "श्वास चालू आहे ना, बाकी देव बघेल," म्हणायची.

मग आमच्याकडे फाटके कागद जोडणारं माणूस हवं होतं. ताई हे काम लग्नाआधी शिकली होती. मी मॅडमच्या हातापाया पडून तिला लावून घेतलं.

आणि माझी ताई परत आली.

तिसऱ्या आठवड्यात ती घरात गुणगुणली. आईने हातातलं काम थांबवलं आणि पदर डोळ्याला लावला. जेवताना ताई मला म्हणाली, "धाकट्या, तुझ्या त्या खोलीत बसलं ना, की डोकं शांत होतं बघ." ती मला धाकट्याच म्हणते. आईही.

त्या दिवशी मी मनाशी एक गाठ मारली. काहीही होवो, हे काम ताईच्या हातून जाऊ द्यायचं नाही.

तिच्याकडे एका जुन्या छातीच्या दवाखान्याचे कागद होते. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचा दवाखाना, आता जागेवर एक वीटही नाही. तेव्हा क्षयाला औषध नव्हतं. माणसं तिथे जायची, आणि बहुतेक तिथेच राहायची. प्रत्येकाची एक फाइल. कागद इतके ठिसूळ, की खोलीबाहेर आणले तर हातात भुगा उरावा. म्हणून ताईचं टेबलच चार नंबरमध्ये लावलं. दहा ते पाच. एकटी.

रेघ रोज दोन चौकोन चढायची. अठ्ठेचाळीसवरून पन्नासवर. पन्नास ही आमची हद्द. आठवड्यात तीन दिवस पन्नासच्या वर गेली, तर खोली बंद करायची आणि आतलं काम थांबवायचं, असा लेखी नियम.

मग तो मंगळवार आला.

बुधवारी सकाळी कागद काढला. दुपारी तीनपर्यंत सगळं ठीक होतं. पन्नास. तीनला...

रेघ चढली होती. आणखी दोन चौकोन.

बावन्न.

मी मिशीकाकांची वही बघितली. "काल दुपारी ताईबरोबर कोण होतं?"

"कोणी नाही."

"नीट आठवा."

"अरे बाबा, मी दारात बसतो, झोपाळ्यावर नाही. एकटीच होती."

मला वाटलं, केस सैल पडले. पडतात कधीकधी. ओलं फडकं गुंडाळून पेटी तपासली; तेव्हा पेन शंभराजवळ जायला हवं, तसं ते गेलं. पेटी अचूक होती.

गुरुवारी पुन्हा तसंच. तीनला, बरोबर तीनला, कोणीतरी दार न उघडता आत आल्यासारखी रेघ वर. पाचला ताई बाहेर आली, की दोन्ही चढ एकदम खाली.

दोन दिवस झाले होते. तिसऱ्या दिवशी मॅडमना सांगावं लागणार होतं. खोली बंद. ताई परत त्या अंथरुणावर, भिंतीकडे तोंड करून.

इथे मी ते केलं, जे आमच्या धंद्यात पाप आहे.

पेटीला बाजूला एक स्क्रू असतो, पेन वर-खाली करायचा. मी तो फिरवला. पेन दोन चौकोन खाली आणलं. आता खोलीत बावन्न असलं तरी कागदावर पन्नास उमटणार होतं.

वहीत एकच नाव आहे ना? मग आत एकच माणूस आहे. मग पेनच चुकतंय. असं मी स्वतःला समजावलं. पेटी अचूक आहे हे मीच तपासलेलं असताना.

अकरा दिवस मी तसं चालू दिलं.

त्या अकरा दिवसांत ताई खूप बोलायला लागली. एका बाईच्या फाइलबद्दल. ताईच्याच वयाची. तिने भावाला लिहिलेली पत्रं त्या फाइलमध्ये होती, कधीच टपालात न पडलेली. ताईला ती पाठ झाली होती. जेवताना म्हणून दाखवायची.

"दादा, तू वर येऊ नकोस, इथे येऊ देत नाहीत. खालीच दाराशी उभा राहा आणि 'चल' म्हण. मी पिशवी भरून ठेवली आहे."

"मग आला का तो?" आईने विचारलं.

"शेवटच्या पानावर एकच ओळ आहे गं. 'नातेवाईक आले नाहीत.'"

आई म्हणाली, "जेवताना असलं वाचू नये."

ताई हसली. "मला आत एकटं वाटत नाही पण. दुपारी तर... मुळीच नाही."

माझ्या डोळ्यांपुढे ती तीनची रेघ आली. तरी मी त्या स्क्रूला परत हात लावला नाही. तिचं हसू दिसत होतं ना समोर.

बारावा दिवस. सोमवार.

पाच वाजले. सव्वापाच झाले. ताई बाहेर आली नव्हती.

"तंद्री लागली असेल," मिशीकाका म्हणाले. "जा, घेऊन ये. मलाही घर आहे."

मी बाहेरचं दार उघडून मधल्या जागेत गेलो. दार मागे ओढून घेतलं. अंधार. आतल्या दाराखालून उजेडाची एक फट. मी दारावर टकटक केली.

उत्तर नाही.

कान लावला. आत श्वास ऐकू येत होता. संथ. आणि त्याच्या मागोमाग...

दुसरा. जरा घरघरता.

मी आतलं दार उघडायला हवं होतं. तेव्हाच. पण हात उठेना. घाबरलो होतो, दुसरं काय. तोंडातून एवढंच निघालं,

"चल गं. घरी चल."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. लगेच. जणू कोणी वाटच बघत होतं.

दार उघडलं. ताई होती. खांद्याला पिशवी. तिने माझा हात धरला. तो हात इतका गार होता, की मला वाटलं, आतला गारवा कोणी जास्त केला की काय.

रस्ताभर ती बोलली नाही. सगळीकडे बघत मात्र होती. दुकानं, दिवे, गाड्या. वळणावर एक सायकलवाला अंगावर आला, तेव्हा ती माझ्या दंडाला बिलगली आणि म्हणाली,

"दादा, हळू चल ना."

सहा वर्षांनी मोठी बहीण. धाकट्या भावाला.



दुसऱ्या दिवशी सकाळी कागद काढला आणि तिथेच जमिनीवर बसलो.

पाचपर्यंत रेघ वर होती, दोन माणसांची. सव्वापाचला, म्हणजे आम्ही निघालो तेव्हा, ती दोन चौकोन उतरली.

आणि तिथेच थांबली.

रात्रभर. सकाळी नऊपर्यंत. सरळ, शांत. एका माणसाची रेघ.

आम्ही कुलूप लावून गेलो होतो. आत कोणी नव्हतं. मी स्क्रू फिरवलाय, त्याचाच हा गोंधळ, असं म्हणून मी पेन पुन्हा खऱ्या जागी आणलं. ओलं फडकं गुंडाळून परत तपासलं. मग आकडे दाखवणारं नवं मीटर आणून शेजारी ठेवलं. दोघांचं एकच मत होतं. पन्नास. रिकाम्या खोलीत पन्नास.

दहाला ताई आत गेली. मी गेलो नाही. मी गेलो असतो तर माझा श्वास मिसळला असता, आणि मला फक्त तिचा बघायचा होता.

पाचला ती बाहेर आली. त्या दिवसाची रेघ मी बुधवारी बघितली.

दहाला रेघ हलली नव्हती.

ताई सात तास आत होती. मिशीकाकांच्या वहीत होती. आणि रेघ पन्नासवर तशीच. वर नाही, खाली नाही. ताईने सात तासांत त्या हवेत काहीच मिसळलं नव्हतं.

घरी आलो. आई ओट्यापाशी चाचपडत होती. हळू आवाजात म्हणाली, "धाकट्या, ताईला बरं नाही का रे?"

"का?"

"दोन रात्री झाल्या. तिचा श्वास ऐकू येत नाही. उठून हात लावला, तर अंग गार. 'काय झालं आई' म्हणाली. बोलते, पण श्वास नाही ऐकू येत."

आत ताई गुणगुणत होती. सूर गोड होता. गाणं मात्र मी कधी ऐकलेलं नव्हतं.

मी कीर्तनात रमणारा माणूस. आमचे बुवा नेहमी सांगायचे, देह म्हणजे भाड्याचं घर, त्यात जीव गुंतवू नका. मी मान डोलवायचो, टाळी द्यायचो. त्या रात्री ते वाक्य आठवलं आणि अंगावर काटा आला. भाडेकरू बदलला, तर घराला कळतं का?

गुरुवारी मी मॅडमकडे गेलो आणि सगळं सांगितलं. म्हणजे स्क्रूचं. ताईचं नाही. ते कुठल्या तोंडाने सांगणार?

मॅडमनी कागद एकेक करून बघितले. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अठरा वर्षं तू हवा सांभाळलीस," त्या म्हणाल्या, "आणि शेवटी कागदाशी खोटं बोललास."

त्यांनी शेवटचा कागद उजेडाला धरला.

"बुरशी असती तर दिसली असती. पुठ्ठ्यांत कीड असणार. एवढी ओल किडीची असते का, मला ठाऊक नाही. पण आत काहीतरी श्वास घेतंय, हे तुझी पेटीच सांगतेय. सोमवारी खोली बंद कर. हवा काढून घे."

मला कळायला क्षणभर लागलं.

किडीवर आमच्याकडे औषध मारत नाहीत, कागद खराब होतात. खोलीला पट्ट्या लावून बंद करतात. आतली हवा काढतात आणि तिच्या जागी दुसरा वायू भरतात, ज्यात श्वास घेता येत नाही. तीन आठवडे. जे काही आत श्वास घेत असेल, ते संपतं.

आणि ते बटण दाबायचं काम माझं.

"मॅडम, थोडं थांबू या का?"

"अजून किती?" त्या म्हणाल्या.

मी खोटं बोललो, तेव्हा खोली उघडी राहिली. खरं बोललो, तर हे.

घरी येऊन ताईला सांगितलं, तुझं काम थांबणार. महिन्यापूर्वी ती कोसळली असती. ती फक्त म्हणाली, "बरं. मला नाहीतरी परत तिथे जायचं नव्हतं."

रविवारी दुपारी मी एकटाच गेलो. सुट्टीचा पहारेकरी नवा होता, त्याने विचारलं नाही.

चार नंबरची दोन्ही दारं मी उघडली. दोन्ही. एकदम. अठरा वर्षांत पहिल्यांदा. आत राहिलेल्या ताईला वाटेत काही आडवं येऊ नये, एवढंच डोक्यात होतं.

टेबलावर ती फाइल तशीच होती. ताईचा चष्मा वर ठेवलेला. तेव्हा लक्षात आलं, सहा दिवस ताई घरात चष्म्याशिवाय वावरत होती, आणि तिला काही अडत नव्हतं.

मी दारात उभा राहिलो. या वेळी नुसतं "चल" म्हटलं नाही. तिचं नाव घेतलं. बाबांनी ठेवलेलं, पूर्ण. मग लाडाचं. मग, "ताई, मी आहे. धाकट्या. घरी चल."

काही नाही.

पुन्हा हाक मारली. घसा बसला. जे देवाचं नाव तोंडात होतं, ते घेत राहिलो. रडत होतो, हे नंतर कळलं.

मग... मानेपाशी काहीतरी जाणवलं.

ऊन. उबदार. माणसाच्या उच्छ्वासासारखं. एकदाच. मला ओलांडून बाहेर, बोळाकडे.

बोळात कोणी नव्हतं.

पेटीकडे बघून काही उपयोग नव्हता. दोन्ही दारं उघडल्यामुळे बाहेरची हवा आत भरली होती, पेन नुसतं थरथरत होतं. दीड दिवस तरी त्या रेघेवरून काही कळणार नव्हतं. खात्री करून घ्यायची ती वाट मी स्वतःच बंद करून घेतली होती.

घरी धावतच पोचलो. ताई उंबऱ्यात उभी होती. कपाळाला आठ्या.

"कुठे उलथला होतास रे धाकट्या? आई केव्हाची जेवायची थांबलीय."

धाकट्या.

मी तिथेच पायरीवर बसलो. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. हात गरम होता का? मला वाटलं, होता. त्या वेळी मला सगळंच वाटलं.

सोमवारी सकाळी नऊला मी आणि मिशीकाका चार नंबरमध्ये गेलो. नियमाप्रमाणे कोपरान्‌कोपरा बघितला. टेबलाखाली, कपाटांमागे. रिकामं. मी पेटीवर कोरा कागद चढवला. दारं लावली. पट्ट्या चिकटवल्या.

"किडे बिचारे," मिशीकाका म्हणाले.

मी देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. नऊ वाजून वीस मिनिटं. मन हलकं होतं. खरंच हलकं होतं.

ते तीन आठवडे घरात सुखाचे गेले. ताई बोलायची, हसायची. आई तिच्या खोलीत गाढ झोपायची. मी आईला काही विचारलं नाही. सुख असताना कोण विचारतं?

मग खोली उघडायचा दिवस आला.

कीड सापडली नाही. एकही मेलेला किडा नाही. मॅडमनी पुठ्ठे उलटसुलट केले आणि खांदे उडवले.

मी पेटीचा कागद काढला. तीन आठवडे कोणी बदललेला नव्हता, त्यामुळे एकाच कागदावर एकवीस फेरे उमटले होते. सगळ्या रेघा एकावर एक. खाली, सपाट. जाड काळा पट्टा झाला होता.

आणि त्या पट्ट्यापासून सुटी...

एकच बारीक रेघ. पहिल्या दिवसाची.

भरतात तो वायू कोरडा असतो. रेघ खालीच जायला हवी. नऊ-वीसला ती वर गेली होती. सरळ उभी. चार चौकोन, पाच, सात. एवढं वर कोणीच कधी नेलं नव्हतं, जिना उतरून आलेल्या हिशेबनिसांनीही नाही. वर तिची टोकं झाली होती, दातेरी. भराभर. भराभर. कोणीतरी छाती फुटेस्तोवर...

पाऊण तास.

मग ती उतरायला लागली. हळूहळू. अकराच्या सुमारास ती त्या काळ्या पट्ट्यात मिसळली.

"वायू सोडताना पेन हललं असेल," मॅडम म्हणाल्या.

"असेल," मी म्हणालो.

पेन हललेलं कसं दिसतं, हे मला ठाऊक आहे. आणि माणूस कसा दिसतो, हेही.

त्या खोलीत मागे राहिलेली ती दवाखान्यातली बाई असेल, तर ती नव्वद वर्षांपूर्वीच गेलेली होती. गेलेल्या माणसाला गुदमरायला काय उरतं?

आणि ती नसेल, तर...

मला धाकट्या म्हणून हाक मारली, त्यावर मी विसंबलो. पण आई मला दिवसातून दहा वेळा धाकट्या म्हणते. घरात सहा दिवस राहिलेल्या कोणालाही ते शिकता येतं.

याला आता दोन वर्षं होतील. ताई आमच्याबरोबरच आहे. आईचं सगळं तीच करते, प्रेमाने करते. चष्मा मी आणून दिला होता. तिने ठेवून घेतला. लावताना मी पाहिलेली नाही, पण वय वाढलं की लांबचा नंबर उतरतो, असं डॉक्टर म्हणाले.

एकच आहे. तिला खिडकी लावलेली चालत नाही. कितीही गारठा असो. आई म्हणते, गारठून जाऊ गं, तर ती म्हणते, "राहू दे आई. हवा पुरत नाही मला."

सहा दिवस बंद खोलीत अडकून परत आलेल्या माणसाला हवा पुरत नाही, हे मला समजतं. छातीच्या दवाखान्यात गेलेल्या बाईलाही पुरत नसणार, हेही समजतं. यातलं कोणतं, ते मी रोज देवाला विचारतो. तो सांगत नाही, आणि खरं सांगू, त्याने सांगू नये असंही वाटतं.

रोज झोपण्याआधी मी तिच्या खोलीत जातो. आईच्या अंगावर दुसरं पांघरूण घालतो.

आणि खिडकी उघडून येतो.